गायिका आघाडीवर असलेल्या पॉप-रॉक बँडचा उदय आणि अस्त कसा लिहावा

गायिका आघाडीवर असलेल्या बँडवरचे बहुतेक लेख एकाच वळणाने जातात. चार-पाच जण एकत्र येतात, एक गाणे गाजते, प्रसिद्धी गायिकेच्या वाट्याला येते, तिला स्वतंत्र कारकीर्द खुणावू लागते आणि बँड फुटतो. या मांडणीत गायिका यशाची मानकरी ठरते आणि अपयशाची गुन्हेगारही तीच ठरते. बाकीचे वादक मात्र मुक्या साक्षीदारांसारखे मागे उभे राहतात. हे अन्यायाचे आहेच, शिवाय बहुधा खरेही नसते. एखाद्या बँडचा इतिहास मनापासून लिहायचा असेल, तर एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. बँड का मोडला याचे उत्तर मोडण्याच्या वर्षात शोधू नये, चढत्या काळातल्या कागदपत्रांत शोधावे. करारावर सही कोणाची होती, गाण्याखाली लेखक म्हणून कोणाची नावे होती, छायाचित्रात कोणाला पुढे उभे केले होते आणि कोणाला कापले होते, हे आधी पाहावे. भांडणे नंतर होतात. भांडणाचे कारण बऱ्याचदा आनंदाच्या दिवशीच कागदावर उतरलेले असते.

कोणता बँड निवडावा, याविषयी फार विचार करण्याची गरज नाही. ज्याची गाणी आपण पुनःपुन्हा ऐकू शकतो आणि ज्याच्याविषयी किमान दोन परस्परविरोधी बाजू उपलब्ध आहेत, असा बँड निवडावा. एकाच सदस्याच्या मुलाखतींवर उभा राहिलेला इतिहास त्या सदस्याचे आत्मचरित्र होतो.

पहिले काम: तारखांचा तक्ता

लेखनाला हात घालण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक ओळीला तारीख, त्या दिवशी घडलेली गोष्ट, त्या वेळची रेकॉर्ड कंपनी, निर्माता, बँडमधले सदस्य आणि गाण्याचे लेखक असे रकाने असावेत. मुलाखती वाचण्याच्या आधी हे काम संपवावे, कारण मुलाखतीत माणसे घटनांचा क्रम नकळत बदलतात. वीस वर्षांनी आठवण सांगताना दोन दौरे एकमेकांत मिसळतात, राग आधी येतो आणि त्याचे कारण मागून घडते. तक्ता हाताशी असला की असे घोटाळे लगेच लक्षात येतात.

ब्लाँडी या न्यूयॉर्कच्या बँडचा तक्ता कसा दिसेल, ते पाहू. गायिका डेबी हॅरी आणि गिटारवादक ख्रिस स्टाइन यांनी १९७४मध्ये बँड उभा केला. सीबीजीबीसारख्या छोट्या क्लबांतून त्यांनी कार्यक्रम केले. पहिला अल्बम १९७६च्या अखेरीस प्रायव्हेट स्टॉक या कंपनीकडून आला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा करार क्रिसलिसकडे गेला. १९७७मध्ये बेसवादक गॅरी व्हॅलेंटाइन बाहेर पडला. पुढे फ्रँक इन्फँटे आणि नायजेल हॅरिसन आले. सप्टेंबर १९७८मध्ये माइक चॅपमनच्या निर्मितीखाली 'पॅरलल लाइन्स' हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि १९७९च्या पूर्वार्धात त्यातले 'हार्ट ऑफ ग्लास' ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

एवढे लिहून झाले की तक्ता बोलू लागतो. 'हार्ट ऑफ ग्लास' हे गाणे १९७८चे म्हणून ओळखले जाते, पण त्याचा पहिला कच्चा मसुदा बँडने वेगळ्या नावाने १९७५मध्येच ध्वनिमुद्रित केला होता. म्हणजे ज्या गाण्याने बँडला 'एका रात्रीत' मोठे केले, ते तीन वर्षे त्यांच्याकडे पडून होते. तालयंत्राची जोड आणि चॅपमनची चिकाटी यांनी त्याला नवे रूप दिले. उदय अचानक झाला असे लिहिण्याचा मोह होतो, तेव्हा अशी एक नोंद पुरते. क्लबमध्ये वाजवण्याची वर्षे, सदस्यांची अदलाबदल, कंपनीबदल आणि अर्धवट राहिलेले गाणे हे सगळे उदयातच मोजावे लागते.

उदय कुठे झाला, हेही त्याच तक्त्यात नोंदवावे, कारण घर आणि यश यांचे गाव नेहमी एक नसते. ब्लाँडीला पहिले मोठे यश स्वदेशात मिळाले नाही. १९७७मध्ये ऑस्ट्रेलियात एका दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे त्यांचे गाणे चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवार यादीत, चढले. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या क्रॅनबेरीज या बँडचेही तसेच झाले. त्यांचा पहिला अल्बम मार्च १९९३मध्ये आला, तेव्हा आसपास फारशी दखल घेतली गेली नाही. त्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना 'लिंगर'चा व्हिडिओ एमटीव्हीवर वारंवार दिसू लागला, तिथे गाणे गाजले आणि त्यानंतर तोच अल्बम १९९४मध्ये ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या क्रमांकाला पोहोचला. एकाच देशाचा चार्ट पाहून लिहिणाऱ्याला हा अल्बम आधी अपयशी आणि मग चमत्काराने यशस्वी झालेला वाटेल.

चार्ट वाचताना सावध राहावे

शिखर कोणते, हे ठरवण्यासाठी आपण चार्टकडे पाहतो आणि तिथे एक सापळा असतो. चार्टचे नियम काळानुसार बदलत गेले आहेत. ग्वेन स्टेफानी ही गायिका असलेल्या नो डाउट या बँडचे 'डोन्ट स्पीक' हे अमेरिकेतल्या रेडिओवरचे अत्यंत लोकप्रिय गाणे होते. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या रेडिओ-प्रसारणाच्या यादीत ते सोळा आठवडे पहिले होते. तरीही हॉट १०० या बिलबोर्डच्या मुख्य यादीत त्याचा पत्ता नाही. त्या काळच्या नियमानुसार दुकानात सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमहून सुटे, विकायला न आलेले गाणे हॉट १००साठी पात्र नव्हते आणि कंपनीने अल्बमची विक्री वाढावी म्हणून सिंगल काढलेच नव्हते. हा नियम डिसेंबर १९९८मध्ये बदलला. ज्याने फक्त हॉट १०० तपासले, त्याच्या इतिहासात या बँडचे सर्वांत मोठे गाणे गायब असेल.

त्यांचा 'ट्रॅजिक किंगडम' हा अल्बमही घाईने वाचण्यासारखा नाही. तो ऑक्टोबर १९९५मध्ये बाजारात आला, पण अमेरिकेच्या अल्बम-चार्टवर पहिल्या स्थानी पोहोचला डिसेंबर १९९६मध्ये. मधले चौदा महिने हा बँड रस्त्यावर होता, एकामागून एक कार्यक्रम करत होता. हे महिने लेखात एका वाक्यात गुंडाळू नयेत. थकवा, अपुरी झोप, वाढती गर्दी आणि दर मुलाखतीत एकाच व्यक्तीकडे वळणारा मायक्रोफोन, या सगळ्यांचा परिणाम याच महिन्यांत साचतो.

गाण्याखालची नावे

या विषयावर लिहिणारे अनेक जण हा भाग टाळतात, कारण तो रुक्ष वाटतो. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा.

बँडला गाण्यांतून मिळणारा पैसा दोन वेगळ्या वाटांनी येतो, हे आधी नीट समजून घ्यावे. पहिली वाट ध्वनिमुद्रणाची. रेकॉर्ड कंपनी आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचा खर्च करते आणि विक्रीतून बँडचा ठरलेला हिस्सा आधी त्या खर्चाकडे वळवते. तो खर्च फिटेपर्यंत बँडच्या हाती या वाटेने नवे काही पडत नाही. दुसरी वाट गीतलेखनाची. ज्यांनी शब्द आणि चाल रचली, त्यांना प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे, प्रत्येक गाण्यासाठी वेगळे मानधन मिळते आणि ते साधारणपणे कंपनीचा खर्च फिटण्याची वाट पाहत नाही. गिटार वाजवणे, तालाची रचना करणे, ध्वनिमुद्रणाच्या वेळी गाण्याला आकार देणे, यांना गीतलेखन म्हणावे की नाही, हा बँडमधला आपापसातला प्रश्न असतो आणि तो बहुधा कोणीच वेळेवर विचारत नाही.

आकड्यांत हे किती ठळक दिसते, ते वाचकाला दाखवावे. अमेरिकेत २००६ ते २०२२ या काळात गीतलेखनाचा वैधानिक दर सर्वसाधारण लांबीच्या प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक प्रतीमागे ९.१ सेंट होता. दहा गाण्यांच्या अल्बमच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्या, तर पूर्ण दराने ही रक्कम ९ लाख १० हजार डॉलर होते. करारात दर कमी केलेला असू शकतो आणि त्यातला वाटा प्रकाशन कंपनीकडेही जातो, तरी उरलेली रक्कम केवळ ज्यांची नावे गाण्याखाली आहेत त्यांच्यातच वाटली जाते. पाच जणांच्या बँडमध्ये सगळी गाणी दोघांच्या नावावर असतील, तर एकाच बसमधून प्रवास करणाऱ्या, एकाच मंचावर घाम गाळणाऱ्या पाच जणांपैकी दोघे घर विकत घेतात आणि तिघे भाड्याची चिंता करतात. यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही. तरीही पुढच्या अल्बमच्या वेळी प्रत्येक जण आपले गाणे घ्यावे म्हणून हट्ट धरतो आणि चांगल्या गाण्याऐवजी वाटाघाटीचे गाणे अल्बममध्ये येते.

गो-गोज या लॉस एंजेलिसच्या बँडमध्ये हे ठसठशीत दिसते. १९७८मध्ये सुरू झालेल्या या बँडच्या पाचही सदस्य स्त्रिया होत्या. त्यांचा पहिला अल्बम जुलै १९८१मध्ये आला आणि मार्च १९८२मध्ये अमेरिकेच्या अल्बम-चार्टवर पहिला येऊन सहा आठवडे तिथे राहिला. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या आणि स्वतःच वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांच्या बँडने हे स्थान मिळवण्याची ती पहिली वेळ होती. बहुतेक श्रोत्यांना चेहरा आठवतो तो गायिका बेलिंडा कार्लाइलचा. गाण्यांखालची नावे मात्र प्रामुख्याने शार्लट कॅफी आणि जेन वीडलिन यांची होती. पैशांतली तफावत, व्यसने आणि अखंड दौरे यांचा ताण साचत गेला. १९८४मध्ये वीडलिन बाहेर पडली आणि १९८५मध्ये बँड संपला. ड्रमर जीना शॉक हिने रॉयल्टीच्या वाटपावरून आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला तो १९९७मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. या बँडमध्ये पुरुष वादक आणि स्त्री गायिका असा भेद नव्हता, तरीही तडा त्याच जागी गेला. त्यामुळे 'गायिका आणि बाकीचे' अशी फळी पाडून लिहिण्याआधी 'लेखक आणि बाकीचे' अशी फळी पडते का, ते तपासावे.

ही तपासणी कशी करावी? अल्बमच्या आतल्या पानावर प्रत्येक गाण्याखाली छापलेली नावे उतरवून घ्यावीत. गीतकार-संगीतकारांच्या हक्क-संस्थांच्या उघड यादीत तीच नावे आहेत का ते पाहावे, कारण दावे झाल्यावर नावे बदललेली असू शकतात. मग पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक सदस्याचे नाव किती गाण्यांखाली येते, ते मोजावे. पहिल्या अल्बमवर सगळ्यांची नावे आणि तिसऱ्यावर दोघांचीच, असे चित्र दिसले तर मधल्या काळात काय घडले, हाच पुढच्या प्रकरणाचा विषय होतो. ब्लाँडीच्या बाबतीत १९८०चे 'कॉल मी' पाहावे. ते अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, पण त्याखालची नावे जॉर्जिओ मोरोडर आणि डेबी हॅरी अशी दोनच आहेत. बँडच्या नावावरचे एवढे मोठे यश आणि त्याच्या लेखनात गायिकेखेरीज बँडमधले कोणीच नाही, ही नोंद कोणत्याही भावनिक वर्णनापेक्षा अधिक सांगते.

सही कोणाची होती

करार मिळणे सोपे नसते. तो खाजगी असतो. परंतु जिथे प्रकरण न्यायालयात गेले, तिथे कराराचे काही तपशील उघड झालेले असतात आणि सदस्यांनी जाहीर केलेल्या निवेदनांतूनही बरेच कळते. पॅरामोर या बँडचा इतिहास लिहिणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असे मला वाटते. टेनेसीतल्या फ्रँकलिन गावातली हेली विल्यम्स हिच्याशी अटलांटिक कंपनीने २००३मध्ये करार केला, तेव्हा ती अजून शाळकरी वयाची होती आणि कंपनीच्या डोळ्यासमोर एकटी पॉप गायिका होती. तिला मात्र आपल्या मित्रांबरोबर बँडमध्येच वाजवायचे होते. २००४मध्ये पॅरामोर उभा राहिला, २००५मध्ये पहिला अल्बम फ्यूल्ड बाय रामेन या लेबलवर आला, २००७मध्ये 'रायट!' गाजला. रंगमंचावर, पोस्टरवर, गाण्यांत तो पूर्णपणे बँड होता. कंपनीच्या कागदावर नाव मात्र तिचे एकटीचेच होते.

डिसेंबर २०१०मध्ये जॉश आणि झॅक फॅरो हे भाऊ बाहेर पडले आणि जॉशने निवेदन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातला मुख्य आक्षेप हाच होता: करार तिचा एकटीचा आहे, आम्ही तिच्या मागचे वादक ठरलो आहोत. हे निवेदन लिहिताना तो रागात होता, हे उघड आहे, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तशीच स्वीकारण्याचे कारण नाही. पण आक्षेपाचा गाभा सात वर्षांपूर्वीच्या सहीकडे बोट दाखवतो. ती सही झाली तेव्हा भांडायला बँडच नव्हता. विल्यम्सनेही ती अट मागितली नव्हती. उलट एकटीने गाण्याला तिने विरोध केला होता. ज्या अटीचा फायदा तिला झाला, त्या अटीचे ओझेही तिच्याच खांद्यावर आले. लेखकाने या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात ठेवाव्यात. वेगळ्या केल्या की वाचक लगेच बाजू घेतो.

याच बँडमध्ये पुढे बेसवादक जेरेमी डेव्हिस २०१५च्या अखेरीस बाहेर पडला आणि तो भागीदार होता की नोकर, हा वाद न्यायालयात गेला. २०१७मध्ये तडजोड झाली. भागीदार आणि नोकर यांत फरक काय, हे वाचकाला दोन वाक्यांत समजावून सांगावे. भागीदाराला नफ्यात, नावात आणि मालमत्तेत हिस्सा असतो. नोकराला ठरलेला पगार मिळतो आणि तो गेला की संबंध संपतो. रात्री एकाच गाण्यावर काम करणाऱ्या दोघांना आपण यांपैकी कोण आहोत, हे वर्षानुवर्षे ठाऊक नसते.

छायाचित्रे मोजावीत

प्रसिद्धी गायिकेकडे गेली, असे नुसते लिहिणे पुरेसे नाही. ते दाखवावे लागते. बँडच्या चढत्या काळातल्या नियतकालिकांची मुखपृष्ठे शक्य तितकी जमवावीत. किती मुखपृष्ठांवर पूर्ण बँड आहे, किती ठिकाणी गायिका पुढे आणि बाकीचे धूसर आहेत, किती ठिकाणी ती एकटी आहे, हे वर्षवार लिहावे. मुलाखतींतले प्रश्नही असेच वाचावेत: वादकांना संगीताविषयी विचारले जाते आणि तिला कपडे, वजन, प्रियकर यांविषयी, असे दिसले तर ते प्रश्न उतरवून घ्यावेत. कारण या प्रसिद्धीतून तिच्या वाट्याला केवळ मान आलेला नसतो.

'पॅरलल लाइन्स'चे आवरण नजरेसमोर आणावे. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांसमोर पाच पुरुष काळ्या सुटांत, अरुंद टायसह उभे आहेत आणि दात दाखवून हसत आहेत. त्यांच्या मधोमध पांढऱ्या पोशाखातली हॅरी कमरेवर हात ठेवून, अजिबात न हसता सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे. अल्बमचे यश साजरे होत असताना लोक तिलाच 'ब्लाँडी' म्हणून हाक मारत होते आणि 'ब्लाँडी हा एक समूह आहे' असे छापलेले बिल्ले वाटण्याची वेळ आली होती. बिल्ले छापावे लागले, याचा अर्थ प्रश्न त्या वेळीच सर्वांना दिसत होता. अशी वस्तू हाती लागली की तिचे वर्णन सविस्तर करावे. चार परिच्छेदांचे विश्लेषण करू शकणार नाही ते काम ती करते.

नो डाउटने हा प्रश्न स्वतःच चित्रित केला आहे. 'डोन्ट स्पीक' हे गाणे ग्वेन स्टेफानी आणि तिचा भाऊ एरिक यांच्या नावावर आहे आणि त्यामागे बेसवादक टोनी कनाल याच्याशी तिचे तुटलेले नाते आहे. गाणे गाजेपर्यंत भाऊ बँड सोडून ॲनिमेशनच्या कामाकडे वळला होता, आणि ज्याच्यावर गाणे होते तो दर रात्री तिच्या शेजारी उभा राहून ते वाजवत होता. दिग्दर्शिका सोफी म्युलरने व्हिडिओत त्या नात्याबरोबरच बँडमधला दुसरा ताणही दाखवला: छायाचित्रे घेतली जात असताना कॅमेरा फक्त गायिकेला शोधतो आणि बाकीचे तिघे ते पाहत राहतात. मात्र व्हिडिओ हा पुरावा म्हणून वापरताना एक भान ठेवावे. तो बँडने संमतीने केलेला अभिनय आहे. त्यातून त्यांना काय दाखवायचे होते ते कळते, खोलीत नेमके काय घडले ते कळत नाही.

पडझड लिहिताना

आता अस्ताकडे येऊ. इथे पहिला प्रश्न असा विचारावा की अस्त झाला का? एखादा सदस्य जाणे, गाणी चार्टवर खाली येणे, बँडने काम थांबवणे, नाव कायमचे मिटवणे आणि गायिकेचा मृत्यू होणे, या पाच वेगळ्या घटना आहेत आणि त्यांना एकच क्रियापद लावू नये. इव्हॅनेसन्समधून सहसंस्थापक बेन मूडी २००३मध्ये, बँडचा पहिला मोठा अल्बम गाजत असतानाच, दौऱ्याच्या मध्यात निघून गेला. बँड तरीही चालू राहिला. बँगल्सचे 'इटर्नल फ्लेम' १९८९मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले आणि त्याच वर्षी बँड फुटला, म्हणजे चार्ट वर आणि बँड खाली. पॅरामोरने फॅरो बंधू गेल्यानंतर २०१३मध्ये पहिल्यांदा अमेरिकेच्या अल्बम-चार्टचे पहिले स्थान मिळवले, २०१७मध्ये झॅक परत आला आणि २०२४मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. २०१०मध्ये त्यांच्या अस्ताचा लेख लिहिणाऱ्याला पुढची चौदा वर्षे दिसणे शक्य नव्हते. आपल्याला दिसतात, म्हणून अधिक जबाबदारी आपली.

जिथे खरोखर घसरण झाली, तिथे कारणे एकमेकांत कशी अडकली ते दाखवावे. ब्लाँडीच्या १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत हॅरीचा स्वतंत्र अल्बम आला; आपल्याला बाजूला काढले जाते आहे असे म्हणत इन्फँटेने बँडवरच दावा लावला; मे १९८२मध्ये 'द हंटर' प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत ३३व्या क्रमांकाच्या वर गेला नाही; दौऱ्याची तिकिटे पुरेशी खपली नाहीत; आणि ख्रिस स्टाइनला पेम्फिगस हा त्वचेचा गंभीर आजार जडला. दौरा आवरता घेतला गेला, बँड थांबला आणि हॅरीने स्टाइनच्या शुश्रूषेसाठी आपले काम बाजूला ठेवले. ही सगळी कारणे एका यादीत टाकून मोकळे होऊ नये. स्वतंत्र अल्बमला पहिले स्थान दिले की कथा महत्त्वाकांक्षेची होते; आजाराला दिले की करुण होते. तक्त्यातल्या महिन्यांचा क्रम पाळला तर दिसते की लेखनाच्या श्रेयावरून आणि प्रसिद्धीवरून निर्माण झालेली दरी आधीपासून होती, अपयशाने ती उघडी पडली, आणि बँडमधला जो माणूस गायिका व वादक यांच्यातला दुवा होता तोच आजारी पडला.

क्रॅनबेरीजच्या बाबतीत आणखी संयम हवा. गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन हिचे १५ जानेवारी २०१८ रोजी लंडनमध्ये निधन झाले. तिने मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांवर उरलेल्या तिघांनी तिच्या कुटुंबाच्या संमतीने काम पूर्ण केले, एप्रिल २०१९मध्ये शेवटचा अल्बम प्रसिद्ध केला आणि तिच्याशिवाय हे नाव चालवायचे नाही असे ठरवले. बँड संपला, पण याला पडझड म्हणणे मला मान्य नाही. १९९६च्या दौऱ्यातले थकव्याचे दिवस आणि २००३चा विराम यांना मृत्यूची पूर्वसूचना म्हणून रंगवण्याचा मोह टाळावा. त्या घटना त्यांच्या त्यांच्या वर्षात, त्या वेळी जशा कळल्या तशाच लिहाव्यात.

माणसांशी बोलताना

सदस्यांशी बोलण्याची संधी मिळाली, तर सर्वांत आधी सोडून गेलेल्यांना किंवा काढून टाकलेल्यांना भेटावे. त्यांचे म्हणणे कमी छापलेले असते. 'का सोडले?' असे विचारू नये. तयार उत्तर मिळते. 'पहिला मोठा धनादेश आला तेव्हा तो कसा वाटला गेला?', 'मुलाखतीला कोणाला बोलावायचे हे कोण ठरवत असे?', 'अमुक गाण्याची ती सुरुवातीची गिटार कोणी सुचवली?' असे नेमके, कागदाला जोडलेले प्रश्न विचारावेत. मंचाच्या मागे काम करणारे ध्वनितंत्रज्ञ आणि दौऱ्याचे व्यवस्थापक यांच्या आठवणी बहुधा अधिक नेमक्या असतात, कारण श्रेयाच्या भांडणात त्यांचा हिस्सा नसतो. न्यायालयातल्या दाव्याचा उल्लेख करताना दावा, उत्तर आणि निकाल किंवा तडजोड हे तिन्ही द्यावे. फक्त दावा छापणे म्हणजे एका बाजूचा निकाल लावणे आहे. आजार, व्यसन आणि नाती यांविषयी संबंधित व्यक्तीने स्वतः जाहीरपणे सांगितले असेल तेवढेच लिहावे.

मसुदा पूर्ण झाला की दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन तो पुन्हा वाचावा. एका रंगाने गायिकेच्या दिसण्याविषयी, पोशाखाविषयी आणि प्रेमसंबंधांविषयी लिहिलेली वाक्ये अधोरेखित करावीत. दुसऱ्या रंगाने तिच्या आवाजाविषयी, शब्दांविषयी, चालींविषयी आणि निर्णयांविषयी लिहिलेली. नंतर प्रत्येक वादकाच्या नावासाठी हेच करावे. पहिला रंग तिच्या नावाभोवती दाट आणि वादकांच्या नावांभोवती विरळ दिसला, तर त्यातले प्रत्येक वाक्य एकेक करून तपासावे आणि ज्याच्याशिवाय पुढची घटना समजत असेल, ते वाक्य काढून टाकावे. वादकांच्या बाबतीत दुसऱ्या रंगाच्या रेघा सापडतच नसतील, तर आपल्याला त्यांचे काम अजून ऐकू आलेले नाही असे समजावे, हेडफोन लावून पहिल्या अल्बमकडे परत जावे आणि फक्त बेस, मग फक्त ड्रम, मग फक्त गिटार ऐकत नव्याने टिपणे काढावीत.